‘नकुशी’ : एका नावाचा अर्थ

नावात काय आहे, असे सुशिक्षित माणसे सहज बोलून जातात. ज्यांना बरे नाव मिळाले आहे त्यांनाच असे बोलणे परवडते. आम्ही गेली तीस वर्षे कामगार संघटनेत आहोत. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात आणि कारखान्याच्या दारात झाले. त्यामुळे पंडितांचे ग्रंथ आमच्या वाचनात थोडे आले, हजेरीपट मात्र पुष्कळ आले. हजेरीपट हेही वाचण्याजोगे पुस्तक आहे. त्यात माणसाचे गाव कळते, पिढी कळते, आणि आईबापांच्या मनात त्या माणसाविषयी काय होते हेही कधीकधी कळते.

बायकांच्या हजेरीपटावर सुमन, मालन, शालन, शेवंता, इंदू अशी नावे वाचत गेलो की मधेच एखादे नाव असे येते की वाचणारा थबकतो. ते नाव म्हणजे ‘नकुशी’. शहरातल्या पुष्कळ श्रोत्यांनी ते ऐकलेही नसेल. काहींना ते ‘नक्षी’ या शब्दाचे रूप वाटते. एका गृहस्थांनी तर आम्हाला, नाव मोठे गोड आहे, असे सांगितले. नाव कानाला गोडच आहे. त्याचा अर्थ मात्र ‘नको असलेली’ असा आहे. हे नाव कसे घडले, ते कोणाला दिले जाते, ते टिकले कशामुळे, आणि अलीकडे ते कमी झाले असेल तर त्याचा आनंद मानावा की नाही, एवढ्या चार प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे.

शब्दाची घडण

‘नकोसा, नकोशी, नकोसे’ हे मराठीतले रोजच्या वापरातले विशेषण आहे. उन्हाळा नकोसा होतो, दुखण्याने जीव नकोसा होतो. त्याचेच स्त्रीलिंगी रूप ‘नकोशी’. सातारा आणि त्याच्या आसपासच्या बोलीत त्यातला ओकार उकारावर गेला आणि ‘नकुशी’, ‘नकुसा’, ‘नकुशा’ अशी रूपे झाली. लिहिणाऱ्याच्या कानावर जसे पडले तसे ते कागदावर उतरले. एकाच बाईच्या तीन कागदांवर या नावाची तीन रूपे असावीत, हे आम्हाला नवीन नाही.

या शब्दाचा गाभा ‘नको’ हा आहे आणि तो नीट पाहिला पाहिजे. ‘नाही’ आणि ‘नको’ हे दोन्ही नकारच. पण ‘नाही’ने वस्तुस्थिती सांगितली जाते आणि ‘नको’ने देणाऱ्याचा हात अडवला जातो. पंगतीत बसलेला माणूस पानावर हात आडवा धरून ‘नको’ म्हणतो, तेव्हा तो पोळीशी बोलत नसतो, वाढप्याशी बोलत असतो. ‘नकुशी’ हे नावही तसेच आहे. ते वस्तुतः मुलीला उद्देशून नाही. वर बसून मुली वाढणारा जो कोणी असेल त्याला उद्देशून आहे. आता पुरे, यापुढे मुलगी नको, मुलगा दे, असा तो निरोप आहे. फरक एवढाच की पोळीला कान नसतात. मुलीला असतात, आणि दुसऱ्याला धाडलेला तो निरोप तिला जन्मभर ऐकावा लागतो.

‘पहिली बेटी, धनाची पेटी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. दुसरीसाठी अशी म्हण नाही, आणि तिसरीसाठी तर नाहीच. ‘नकुशी’ हे नाव बहुधा तिसरीच्या किंवा चौथीच्या वाट्याला येते. बाराव्या दिवशी पाळणा बांधावा, आत्याने कानात ‘कुर्र’ करून नाव सांगावे, घुगऱ्या वाटाव्यात, ही आपली रीत. परंतु ज्या घरात मुलगा हवा म्हणून वाट पाहिली आणि पुन्हा मुलगीच झाली, त्या घरात हा सोहळा पुष्कळदा झालेलाच नसतो. घरातली आणि शेजारची माणसे आधी सहज बोलता बोलता ‘नकुशी’ म्हणू लागतात. मग अंगणवाडीत किंवा शाळेत नाव घालायची वेळ येते आणि जे तोंडात आहे तेच कागदावर चढते.

दगडू, धोंडू आणि नकुशी

यावर एक आक्षेप घेतला जातो. जुन्या लोकांत मुलांनाही ओंगळ नावे ठेवीतच असत. मग या एका नावाचे एवढे काय, असे विचारणारे भेटतात. आक्षेप खरा आहे. दगडू, धोंडू, केरू, भिकू, उकिरडा ही नावे आपल्याकडे होतीच, काही आजही आहेत. ज्या घरात मुले जगत नसत तेथे नंतर झालेल्या मुलाला असे नाव देत. कोणी मूल सुपात घालून शेजारणीच्या हवाली करी आणि मूठभर धान्य देऊन परत ‘विकत’ घेई. हे मूल आमचे नव्हे, ते भिकेत मिळाले आहे, उकिरड्यावर सापडले आहे, असे दाखवावयाचे. म्हणजे दृष्ट लागणार नाही आणि मृत्यूचेही तिकडे लक्ष जाणार नाही, अशी त्यामागची भाबडी समजूत.

पण दोन्ही नावे शेजारी ठेवून पाहा. ‘दगडू’ म्हणणारी आई मृत्यूला फसवू पाहते, कारण तिला तो मुलगा हवा आहे. ते नाव म्हणजे सोन्याच्या दागिन्यावर गुंडाळलेले फडके आहे. ‘नकुशी’ या नावात फसवाफसवी मुळीच नाही. ते जे बोलते तेच त्याच्या मनात आहे. पहिले नाव मूल राखण्यासाठी ठेवलेले आहे आणि दुसरे, या मुलीच्या पाठीवर पुन्हा मुलगी येऊ नये म्हणून. दोन्ही नावे एकाच गावातली, एकाच गरिबीतली आणि एकाच अज्ञानातली आहेत. पण त्यांच्या दिशा उलट आहेत.

पुढे या नावांचे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. पुण्यात दगडूशेठ हलवायांच्या गणपतीला हजारो माणसे हात जोडतात. केरो लक्ष्मण छत्रे यांचे नाव गणिती आणि ज्योतिर्विद म्हणून आदराने घेतले जाते. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले आणि १९५८ साली ते भारतरत्न झाले. पुरुषाच्या कर्तृत्वाला वाव होता. म्हणून दगडधोंड्यांचीही नावे पूज्य झाली. नकुशीला तसा वाव कोणी दिला? तिच्या नावाचा संस्था काढणारा, पुतळा उभारणारा वारस निघाला नाही, कारण तिचे नाव लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीने दुसरे नाव लिहून पुसले गेले.

इतर प्रांतांतील बहिणी

ही एका जिल्ह्याची किंवा एका भाषेची गोष्ट आहे, असे कोणी समजू नये. बंगालमध्ये ‘आन्नाकाली’ हे मुलीचे जुने नाव आहे. कालीमातेचे नाव आले म्हणून ते भक्तीचे वाटते. पण त्याची फोड ‘आर ना काली’, म्हणजे ‘आता आणखी नको, काली’, अशी आहे. राजस्थानात ‘धापू’ आहे. धापणे म्हणजे पोट भरणे, तृप्त होणे. हरियाणात ‘भतेरी’ आहे, म्हणजे ‘पुष्कळ झाल्या’. तमिळनाडूत ‘वेंडाम’, म्हणजे सरळ ‘नको’. तुर्कस्तानात ‘येतेर’, म्हणजे ‘पुरे’. चीनमध्ये ‘झाओदी’ हे मुलीचे नाव आहे. त्याचा अर्थ ‘धाकट्या भावाला बोलावणारी’. तेथे मुलीला नको म्हटलेले नाही, पण तिला स्वतःसाठीही ठेवलेले नाही. भावाला हाक मारण्यासाठी ठेवले आहे.

भाषा निराळ्या, देव निराळे, खाणेपिणे निराळे. आणि नाव मात्र एकच. इतक्या दूरदूरच्या लोकांनी एकमेकांचे पाहून हे केले नाही. तेव्हा त्याचे मूळ कोणत्याही एका धर्मात किंवा जातीत शोधून चालणार नाही. जेथे जेथे जमीन मुलाच्या नावे जाते, म्हातारपण मुलाच्या घरी काढायचे असते आणि मुलगी लग्न होऊन परक्या घरी कष्ट करायला जाते, तेथे तेथे हे नाव आपोआप उगवलेले दिसते. त्याचे बी हिशेबात आहे. त्या हिशेबाकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

नावाची कीर्ती टिकली कशी

नकुशी नाव ठेवले की पुढचा मुलगाच होतो, अशी ख्याती आहे. ही ख्याती खोटी असती तर ती इतकी वर्षे टिकली कशी, असे म्हातारी माणसे विचारतात. त्याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे.

मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरते. आईचा त्यात दोष नाही आणि आधीच्या मुलींचा तर नाहीच नाही. निसर्गात हजार जन्मांमध्ये साधारण ५१२ मुलगे आणि ४८८ मुली असतात. आता पहिली तीन मुले झालेली हजार घरे घ्या, आणि त्यांत कोणीही ढवळाढवळ केलेली नाही असे धरा. त्यांपैकी सुमारे ११६ घरांत तिन्ही मुलीच असतील. यात शाप नाही, कोप नाही. नाणे तीनदा उडवले तर तीनदा एकच बाजू पडावी, तसेच ते आहे.

या घरांपैकी शंभर घरांनी तिसरीचे नाव नकुशी ठेवले आणि पुढे आणखी एक मूल होऊ दिले, असे समजू. नाव नकुशी ठेवा की लक्ष्मी ठेवा, त्या शंभरांतल्या सुमारे ५१ घरांत मुलगा होणारच. ती ५१ घरे गावभर सांगतात, नावाचा गुण आला. उरलेली ४९ घरे गप्प बसतात, किंवा आमचेच नशीब खोटे म्हणतात. ज्या औषधाने निम्मे रोगी बरे होतात आणि जे न घेताही निम्मे बरे होतात, त्या औषधाची कीर्ती कधीच नाहीशी होत नाही. अंधश्रद्धा टिकते ती सगळी माणसे मूर्ख असतात म्हणून नव्हे. यश तेवढे बोलले जाते आणि अपयश गिळले जाते, म्हणून टिकते.

साताऱ्यातील नामकरण

२०११ साली सातारा जिल्ह्यात या नावाच्या मुलींची मोजदाद झाली. त्या वर्षी २२ ऑक्टोबरला जिल्ह्यात एक समारंभ झाला आणि २८५ मुलींना नवी नावे देण्यात आल्याचे वृत्तपत्रांनी छापले. मुली ठेवणीतले कपडे घालून, वेण्या घालून, रिबिनी बांधून रांगेत उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या हातात नव्या नावाचा दाखला आणि फुलांचा लहानसा गुच्छ देण्यात आला. कोणी सिनेमातल्या नटीचे ऐश्वर्या हे नाव घेतले, कोणी सावित्री हे नाव घेतले.

सावित्री या नावाला त्या जिल्ह्यात निराळाच अर्थ आहे. सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ साली त्याच जिल्ह्यातल्या नायगावचा. जोतीरावांचे मूळ घराणे कटगुणचे, तेही त्याच जिल्ह्यातले. १८४८ साली या जोडप्याने पुण्यात मुलींची शाळा घातली. त्यानंतर १६३ वर्षांनी त्यांच्याच जिल्ह्यात, नको असलेली हे नाव पुसून एखाद्या मुलीला सावित्री हे नाव घ्यावे लागते, ही गोष्ट अभिमानाची म्हणावी की शरमेची, हे ज्याचे त्याने ठरवावे. दोन्ही आहे, असे आम्हाला वाटते.

त्या समारंभाला नावे ठेवणारेही निघाले. नाव बदलून नशीब बदलते काय, असे त्यांचे म्हणणे. नशीब बदलत नाही हे खरे. पण वर्गात हजेरी घेताना दररोज सर्वांच्या देखत ‘नको असलेली’ अशी हाक यावी आणि तिने ‘हजर’ म्हणावे, हे एकदा थांबले. ज्यांना रोज कोणी हिणवीत नाही त्यांनी या फरकाला क्षुल्लक म्हणू नये. त्याच सुमारास हे नाव साताऱ्याबाहेरही गाजले. २००९ साली सुरू झालेल्या ‘लागी तुझसे लगन’ या हिंदी मालिकेतल्या नायिकेचे नाव नकुशा होते, आणि २०१६ साली मराठीतही ‘नकुशी’ नावाने मालिका आली. देशभरच्या घरांत ते नाव ऐकू गेले; पण ऐकणाऱ्यांतल्या किती जणांनी त्याचा अर्थ विचारला असेल, याची आम्हाला शंका आहे.

हजेरीपटावरची नकुशी

मोठ्या झालेल्या नकुशींचे काय होते, ते आम्ही जवळून पाहिले आहे. आमच्या संघटनेत या नावाच्या बाया आल्या त्या बहुतेक दुसऱ्याच नावाने आल्या. कोणी लग्नात मिळालेले नाव सांगे, कोणी कामावर लागताना मनानेच एक नाव घेई. मुकादम विचारतो, ‘नाव काय गं?’ आणि ती जे पहिले आवडते नाव आठवेल ते सांगते. त्या क्षणी तिला फार बरे वाटत असले पाहिजे. पण पुढे कागद आडवे येतात.

अशाच एका बाईंचे प्रकरण आमच्याकडे आले. एका कारखान्यात त्यांनी एकवीस वर्षे काम केले. मस्टरवर त्यांचे नाव एक; शिधापत्रिकेवर आणि माहेरच्या कागदांवर नकुशा. काम सुटल्यावर ग्रॅच्युइटीचा अर्ज केला, तेव्हा मालकाच्या बाजूने सांगण्यात आले की ही बाई आणि मस्टरवरची बाई एकच कशावरून? ज्या बाईंना एकवीस वर्षे रोज फाटकातून आत घेतले, त्यांना पैसे देताना ओळख पटेना. मग सरपंचाचा दाखला, भावाचे प्रतिज्ञापत्र, सोबत काम केलेल्या दोघींच्या साक्षी, असे सगळे जमवावे लागले. पैसे मिळाले, पण सात महिने गेले. त्यापेक्षा अवघड गोष्ट निराळीच होती. दोन नावे का, असे टेबलामागच्या तरुण कारकुनाने विचारले, आणि त्या बाईंना चार पुरुषांच्या देखत सांगावे लागले की, ‘साहेब, मी चौथी. घरात नको होते.’

सर्वच जणी नाव बदलू इच्छितात असे मात्र नाही. काही वयस्क बाया म्हणतात की, याच नावाने ऊस तोडला, याच नावाने लेकरे वाढवली, आता बदलून कोणासाठी? त्यांचे म्हणणेही मानाने ऐकले पाहिजे. नाव बदलण्याची सोय असावी, सक्ती नसावी. पण सोय म्हणजे प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात आणि त्यानंतर एकेक कागद दुरुस्त करीत हिंडणे. ज्या बाईचा एक दिवसाचा खाडा म्हणजे एक दिवसाची चूल, तिला ही सोय परवडत नाही.

या प्रश्नात अलीकडे एक नवी गोष्ट आली आहे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदांवर मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव, असा क्रम ठरवला. आईला कागदावर जागा मिळाली, हा निर्णय चांगला आहे. पण २०११ साली ज्या मुली शाळेत होत्या त्या आता आया होण्याच्या वयात आहेत. ज्या नकुशीचे नाव बदलायचे राहिले, तिचे नाव तिच्या लेकीच्या नावाच्या मध्यभागी येऊन बसेल. आजीने देवाला धाडलेला निरोप नातीच्या दाखल्यावर छापला जाईल.

नाव कमी झाले, म्हणजे काय झाले?

आता चौथा प्रश्न. तरुण मुलींत हे नाव पूर्वीपेक्षा कमी दिसते. याचे श्रेय शाळेला, आरोग्यसेविकांना आणि साताऱ्यासारख्या उपक्रमांना आहे, यात शंका नाही. परंतु तेवढ्यावर समाधान मानून घरी जाता येत नाही.

नकुशी हे नाव ज्या मुलीला मिळाले ती निदान जन्माला आली होती. १९८०च्या सुमारास गर्भाचे लिंग ओळखण्याचे तंत्र आपल्या शहरांत पसरले आणि नको असलेल्या मुलीला नाव ठेवण्याची गरजच उरली नाही. महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांआधी, त्याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला, १९९६ पासून अमलात आला आणि २००३ साली अधिक कडक झाला. तरीही जनगणनेचे आकडे पाहा. सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३, आणि २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात २०११ साली त्या अवघ्या ८०७ होत्या. सातारा जिल्ह्यात २००१ साली ८७८ होत्या. निसर्गाच्या हिशेबाने त्या साडेनऊशेच्या आसपास असाव्यात.

श्रोतेहो, येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. नकुशी हे नाव आम्ही खेड्यात पाहिले; सोनोग्राफीचे यंत्र शहरात आले. खेड्यातल्या अडाणी बाईने मुलीला वाईट नाव ठेवले आणि तिला वाढवले. शिकलेल्या माणसाने पैसे मोजले, आणि त्याच्या घरातल्या मुलींची नावे फार सुंदर आहेत. फक्त त्या मोजक्या आहेत. दोहोंत अडाणी कोण, हा प्रश्न आम्ही सभागृहाच्या स्वाधीन करतो.

याखेरीज तिसरा प्रकार आहे, तो सरकारच्याच कागदात नोंदलेला आहे. २०१८च्या जानेवारीत संसदेपुढे आलेल्या आर्थिक पाहणीत असा अंदाज मांडला गेला की देशात पंचवीस वर्षांच्या आतल्या सुमारे २ कोटी १० लाख मुली ‘नकोशा’ आहेत. हे मोजले कसे? घरातले शेवटचे मूल मुलगा आहे की मुलगी, हे पाहून. मुलगा झाला की पाळणा थांबतो. मुलगी झाली तर आणखी एक मूल होऊ दिले जाते. म्हणून शेवटच्या मुलांत मुलग्यांची संख्या नैसर्गिक प्रमाणापेक्षा फार जास्त दिसते, आणि मुलग्याची वाट पाहताना झालेल्या मुलींचा हिशेब त्यावरून निघतो. या मुलींची नावे चांगली असतील. पण दूध, शाळा आणि डॉक्टर यांची वाटणी होताना त्यांचा नंबर शेवटी लागतो. साताऱ्यात २८५ नावे बदलली गेली. ही २ कोटी नावे कोणत्या समारंभात बदलणार?

नकोसेपणाचा हिशेब

नावाचे मूळ हिशेबात आहे, असे आम्ही वर म्हटले. गरीब बाप मुलीचा द्वेष करतो, हे आम्हाला मान्य नाही. आम्ही अशा बापांबरोबर आयुष्य काढले आहे. लेकीला ताप आला तर दोन पाळ्या बुडवून दवाखान्यात बसणारे बाप आम्ही पाहिले आहेत. तो जमाखर्च मांडतो. खर्चाच्या बाजूला हुंडा, लग्न, सणवार. जमेच्या बाजूला काही नाही, कारण तिची मजुरी सासरी जाणार. मुलाच्या खात्यावर जमीन, आडनाव आणि म्हातारपणची भाकरी. ज्याला पेन्शन नाही त्याची पेन्शन म्हणजे मुलगा. पाट्या उचलून मणके झिजलेल्या माणसाला, १९९५च्या योजनेखाली २०१४ साली ठरलेली किमान पेन्शन महिन्याला १,००० रुपये. एवढ्यात एका माणसाची भाजीभाकरीही निघत नाही. मग तो मुलाची वाट पाहतो, यात आश्चर्य कसले?

हिशेब बदलला तर मन बदलते, याला दाखला आहे. दक्षिण कोरियात १९९० साली शंभर मुलींमागे ११६ मुलगे जन्मत होते. आपल्यापेक्षाही वाईट स्थिती. २००७ पर्यंत तो आकडा १०६च्या आसपास, म्हणजे जवळजवळ नैसर्गिक पातळीवर आला. तेथे गर्भलिंग सांगण्यास बंदी होतीच. पण त्याबरोबर बायका मोठ्या संख्येने पगारी कामावर आल्या, १९८८ साली राष्ट्रीय पेन्शन सुरू झाली, आणि घराचा प्रमुख पुरुषच, हा जुना कायदा २००८ साली संपला. मुलीचा पगार आईबापांच्या कामी येऊ लागला आणि मुलगा नसला तरी म्हातारपण निभेल अशी खात्री वाटू लागली, तेव्हा मुलगी नकोशी राहिली नाही.

आपल्याकडेही कायदे झाले आहेत. समान कामाला समान वेतन, हा कायदा १९७६ साली झाला. वडिलार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः वाटा, हा कायदा महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली केला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातली उरलीसुरली शंका दूर केली. पण कायदा पुस्तकात राहतो आणि हक्कसोडपत्र घरात होते. भाऊबीजेला ओवाळणी घालणारा भाऊ सातबारा करायची वेळ आली की बहिणीपुढे कागद ठेवतो, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. ही सही घेणारे शिकलेले असतात, शहरातले असतात, व्याख्यानांना येणारेही असतात. त्या सहीने ते आपल्या बहिणीला जे म्हणतात, तेच खेड्यातल्या आजीने नातीला एका शब्दात म्हटले होते.

शेवटी मागणे थोडे आहे. तुमच्या घरी, दुकानी, कारखान्यात काम करणाऱ्या बाईचे खरे नाव एकदा विचारा आणि कागदावर ते बरोबर आहे की नाही पाहा. नसेल तर ती कामावर असतानाच, पगार न कापता, ते दुरुस्त करून द्या. पुरुषाला जी मजुरी देता तीच तिला द्या. बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवू नका. आणि तुमच्या नात्यात तिसरी मुलगी झाली तर बारशाला जा, पाळण्याला हात लावा, पेढे मागून घ्या. पुरे झाल्या म्हणणारी घरे आजही आहेत. तेथे चांगले नाव सुचवणारे आणि ते नाव टिकेल असा हिशेब जमवून देणारे माणूस पाहिजे आहे.